दासगावच्या धक्क्यावर मिळालेले पत्र : महाड १९२७ आणि ‘हो, पण…’चा खेळ

२५ डिसेंबर १९२७, दुपारची वेळ. सावित्रीच्या खाडीवरच्या दासगाव बंदराला बोट लागली. मुंबईहून ‘पद्मावती’ने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे सुमारे दोनशे प्रतिनिधी उतरले. धक्क्यावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते, आणि त्यांच्याबरोबर एक पोलीस अधिकारीही. त्याच्या हातात जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र होते. महाड तिथून पाच मैलांवर. सत्याग्रह अजून सुरूही झाला नव्हता, आणि समोरच्या पक्षाची खेळी मात्र आधीच येऊन पोहोचली होती.

आजचा हा दीर्घ धागा त्या पत्रापर्यंत आणि त्याच्या पलीकडे जाणारा आहे. महाडचा सत्याग्रह आपण सर्वांनी शाळेत दोन ओळींत वाचला आहे. चवदार तळे, ओंजळभर पाणी, पुढचा धडा. त्या दोन ओळींमध्ये एक गोष्ट हरवते. महाडमध्ये अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची जी रीत होती, ती बहुतांश काळ लाठीची नव्हती. ती बोलण्याची, टोलवाटोलवीची आणि सभ्य सबबींची होती. माणसे एकमेकांशी वरवर एक बोलतात आणि आतून दुसरेच सांगतात, त्या व्यवहाराला मानसशास्त्रात ‘खेळ’ म्हणतात. महाड समजून घ्यायला ही कल्पना उपयोगी पडते, असे माझे मत आहे. ती कुठे अपुरी पडते तेही पुढे येईलच.

कल्पना एरिक बर्न यांची. माँट्रियलमध्ये १९१० साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले हे मनोविकारतज्ज्ञ. ‘गेम्स पीपल प्ले’ हे त्यांचे पुस्तक १९६४ साली आले आणि अनपेक्षितपणे प्रचंड खपले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक संवादाला दोन मजले असू शकतात. वरच्या मजल्यावर उघड विषय असतो, तळमजल्यावर लपलेला. खेळाचा शेवट तळमजल्यावर ठरतो, आणि तो जवळजवळ नेहमी ठरलेलाच असतो. खेळणाऱ्याला आपण खेळतो आहोत याची जाणीव असेलच असे नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खेळ म्हणजे कारस्थान नव्हे. कारस्थानाला योजना लागते, खेळाला फक्त सवय पुरते.

बर्न यांनी सर्वात आधी ज्या खेळाचे विश्लेषण केले, त्याचे मराठी नाव आपल्याला शोधावे लागत नाही, कारण ते आपण रोज ऐकतो : ‘हो, पण…’. एकजण अडचण मांडतो, दुसरा उपाय सुचवतो, पहिला म्हणतो ‘हो, पण…’. दुसरा उपाय, पुन्हा ‘हो, पण…’. वरच्या मजल्यावर चर्चा उपायांची चालते. तळमजल्यावर मात्र सिद्ध करायचे असते ते एवढेच की उपाय नाहीच.

आता १९२३ कडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. सरकारने ते मान्य करून खात्यांना तशा सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सारे संपले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्याला हात लावला नाही, कारण सवर्णांचा विरोध काय रूप घेईल हे प्रत्येकाला ठाऊक होते.

हा ‘हो, पण…’चा सरकारी अवतार आहे. सरकार म्हणते, हो, आम्ही ठराव मान्य केला, पण अंमलबजावणी स्थानिक संस्थांनी करायची. स्थानिक संस्था म्हणते, हो, तळे खुले आहे, पण कोणी येतच नाही त्याला आम्ही काय करणार. गाव म्हणते, हो, कायदा असेल, पण रूढी रूढी आहे. तिघांपैकी कोणीही ‘नाही’ म्हणत नाही. तीन ‘हो’ एकत्र केले की त्यांतून एक भक्कम ‘नाही’ तयार होते. १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला, यावरूनच पहिल्याचे काय झाले ते कळते.

या तळ्याबद्दल आणखी एक तपशील. इतर धर्मांचे लोक तिथे पाणी भरत, जनावरे पीत. अडवणूक फक्त अस्पृश्यांची होती. म्हणजे वरच्या मजल्यावरचा विषय शुद्धतेचा होता आणि तळमजल्यावरचा दर्जाचा. हे दोन मजले वेगळे आहेत, हे दाखवण्यासाठी कोणत्याही मानसशास्त्राची गरज नव्हती. म्हशीकडे बोट दाखवले तरी पुरे होते.

महाड-दासगावच्या पट्ट्यात हे बोट दाखवणारे लोक १९२७ च्या बरेच आधीपासून होते. जवळच्या रावदळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. या पुस्तिकेची मांडणी पाहण्यासारखी आहे. ते आरोप करत नाहीत, विनंतीच्या सुरात प्रश्न विचारतात. अस्पृश्यतेचा आधार कोणता, हे धर्माचार्यांनी आणि विद्वानांनीच सांगावे, असे ते म्हणतात. प्रश्न वरच्या मजल्यावर इतका नम्र आहे की रागावण्याची सोय नाही. आणि उत्तर द्यायला गेले की तळमजला उघडा पडतो. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसावे लागणार म्हणून सवर्ण सभासद अस्वस्थ झाले. प्रश्न पुस्तिकेत होता तोवर दुर्लक्ष करता येत होते. तो खुर्चीवर येऊन बसला तेव्हा ते अशक्य झाले.

कोकणातल्या या भागात पेन्शनर सैनिकांची वस्ती मोठी होती. ज्याने पलटणीत हुकूम दिले आणि घेतले, जो छावणीत शिकला, तो गावी परतल्यावर पुन्हा जोहार घालून उंबरठ्याबाहेर उभा राहायचा. बर्न यांच्या भाषेत सांगायचे तर माणसाला ‘दखल’ लागते. कोणीतरी आपल्याला पाहिले, ओळखले, एवढी तरी. सैन्याने ती थोडीफार दिली होती, गावाने ती काढून घेतली. १८९०च्या दशकात सैन्यानेही महारांची भरती थांबवली. महाडच्या मागे असलेली अस्वस्थता या परतलेल्या माणसांच्या घरांतून आलेली आहे, आणि पुढे परिषदेतला शिस्तीचा कणाही त्याच घरांतून आला.

लाडवलीत १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे या पिढीचे. शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या या मुलाला महाडच्या शाळेत प्रवेशासाठी झगडावे लागले. तक्रार वर्तमानपत्रात गेल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायची जागा वेगळी. ‘हो, पण…’ इथेही आहेच. मोरे यांचे दासगावशी घट्ट नाते होते. महाडची परिषद घडवून आणण्यामागे ज्या तरुणांचा ध्यास होता, त्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. आणि दासगावविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : महाडच्या आधीच दासगावच्या क्रॉफर्ड तळ्यावर तिथल्या अस्पृश्यांनी पाणी घेतले होते. चवदार तळे ही अचानक सुचलेली कल्पना नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. हजारो लोक आलेले, आणि पिण्यासाठी पाणी नाही. सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावाच्या मधोमध सर्वांसाठी खुले असलेले तळे, त्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि परिषदेच्या जमाखर्चात पाण्यापोटी चाळीस रुपये. या एका नोंदीत जे आहे ते दहा भाषणांत सापडणार नाही.

परिषदेत एक प्रसंग घडला, तो इतिहासाच्या पुस्तकांत सहसा ओझरता येतो. सवर्णांच्या कर्तव्याविषयीच्या ठरावाला पाठिंबा द्यायला महाडच्याच दोघा सवर्ण वक्त्यांना सांगण्यात आले. त्यांनी तो दिला. फक्त आंतरजातीय विवाहाचे कलम वगळून. मला या दोघांची टवाळी करायची नाही. १९२७ च्या महाडमध्ये त्या मंचावर उभे राहणे हेच धाडस होते. पण ‘हो, पण…’ हा केवळ विरोधकांचा खेळ नसतो, हे या प्रसंगातून दिसते. मित्रही तो खेळतात, आणि अत्यंत प्रामाणिकपणे खेळतात.

समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे उठले. आभार मानून घरी जायचे एवढेच उरले होते. त्यांनी सुचवले की एक काम राहिले आहे : तळ्यावर जाऊ या. मिरवणूक निघाली, बाजारातून शिस्तीने तळ्यापर्यंत गेली, बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागोमाग इतरांनी. खेळाच्या भाषेत पाहिले तर या कृतीने काय केले ते नीट लक्षात येते. ‘तळे खुले आहे, पण कोणी येत नाही’ या वाक्यातला दुसरा अर्धा भाग त्या क्षणी निकाली निघाला. आता पहिल्या अर्ध्याशी गावाला प्रामाणिकपणे भिडावे लागणार होते.

गाव भिडले नाही. सुमारे दोन तासांत एक अफवा पसरली : अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कोणताही बेत नव्हता. पण अफवेचे काम माहिती देणे हे नसतेच. तळ्यावरून हल्ला करायला कारण अपुरे होते, कारण ठराव स्वतःच्याच नगरपालिकेचा होता. देवळाचे नाव घेतले की हल्लेखोर आपोआप रक्षक होतो. पुढे १९६८ साली स्टीफन कार्पमन या बर्न यांच्या शिष्याने ‘नाट्यत्रिकोणा’ची कल्पना मांडली : छळणारा, छळला जाणारा आणि तारणारा या तीन जागा असतात आणि खेळात माणसे त्या झपाट्याने बदलतात. वीरेश्वराच्या अफवेने महाडच्या सनातन्यांना एका फटक्यात पहिल्या जागेवरून दुसरीवर नेले, आणि तिथून तिसरीवर. लाठ्या घेऊन मंडपावर चालून गेलेला जमाव स्वतःच्या नजरेत देव वाचवायला निघाला होता. मंडपात लोक जेवत होते. अन्न मातीत गेले, अनेकजण जखमी झाले, काहींनी जवळच्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

इथे खेळाची कल्पना थकते, असे सुरुवातीला मला वाटत असे. फुटलेल्या डोक्याला खेळ कसे म्हणायचे? ‘खेळ’ हा शब्द मराठीत फार हलका आहे, आणि ही आपत्ती मी अजूनही पूर्णपणे मागे घेतलेली नाही. पण बर्न यांनी खेळांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली चारचौघांत चालून जाणारी. दुसरी लपवावी लागणारी, तरी भरून निघणारी. तिसरीचा शेवट रुग्णालयात, न्यायालयात किंवा शवागारात होतो. महाड १९२४ साली पहिल्या पायरीवर होते. २० मार्च १९२७ च्या संध्याकाळी ते रुग्णालयात होते, आणि वर्षअखेर न्यायालयात असणार होते.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडू शकली असती आणि घडली नाही. परिषदेला आलेल्यांत लष्करातून परतलेले कितीतरी होते. त्यांनी प्रतिहल्ला केला असता तर महाडची दंगल झाली असती, आणि दंगलीत दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरतात. ‘बघा, तुम्हीच हे घडवलेत’ असे म्हणण्याची सोय सनातन्यांना आयती मिळाली असती. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरले. खटला झाला, आणि जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाचजणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मग तळ्याचे शुद्धीकरण झाले. पंचगव्याच्या १०८ घागरी, मंत्रपठण, आणि तळे पुन्हा पवित्र. शेण-गोमूत्र ओतलेले पाणी शुद्ध आणि माणसाने स्पर्शलेले पाणी अशुद्ध, या विसंगतीवर तेव्हापासून आजवर भरपूर उपहास झाला आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की या विधीने सनातन्यांनी स्वतःच तळमजला उघडा केला. इतके दिवस ‘नाही’ हा शब्द कोणी उच्चारत नव्हते. घागरींनी तो मोठ्याने उच्चारला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारखेचा हा योगायोग असेलही. पण ‘हो, पण…’ मधले ‘हो’ त्या दिवशी अधिकृतपणे संपले.

डिसेंबरच्या परिषदेची तयारी पाहिली तर कळते की आंबेडकर आणि त्यांचे सहकारी आता समोरच्याच्या खेळ्या आधीच ओळखू लागले होते. परिषदेला सवर्णांनी जागा दिली नाही, तेव्हा फत्तेखान यांच्या जागेवर मंडप पडला. धान्य-सामान स्थानिक दुकानदार देणार नाहीत म्हणून ते बाहेरून आणले गेले. आणि प्रवास : मुंबईहून धरमतरला उतरून मोटारीने महाड, हा मार्ग होता. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर सगळे रस्त्यात अडकले असते. दासगावला उतरले तर उरतात फक्त पाच मैल, आणि पाच मैल चालायला कोणाची परवानगी लागत नाही. दासगाव या कथेत येते ते असे. ज्याला कोणी ‘हो, पण आज गाडी नाही’ असे म्हणू शकत नाही, तो रस्ता तिथून सुरू होत होता.

तरीही पत्र आलेच. १२ डिसेंबरला महाडच्या काही सनातन्यांनी दिवाणी दावा लावला होता. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादींमध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी शिवतरकर होते. १४ तारखेला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. आता सापळ्याची रचना पाहा. मनाई मोडली तर कायद्याचे राज्य मागणारा वकील स्वतःच कायदा मोडतो, आणि आजवर निदान तटस्थ असलेले सरकार विरोधात उभे राहते. मनाई पाळली तर घरदार सोडून आलेल्या हजारो माणसांना सांगायचे काय? ग्रेगरी बेटसन यांनी १९५६ साली अशा कोंडीला नाव दिले, ज्यात कोणतीही चाल केली तरी हार आपलीच असते. महाडच्या वाद्यांनी बेटसन वाचला नव्हता. गावकीला तो वाचावा लागत नाही.

बाबासाहेब दासगावहून जिल्हाधिकाऱ्यांना भेटायला गेले, लोक मिरवणुकीने महाडला. त्या संध्याकाळच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी जे केले, ते माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर ते न प्यायल्याने मेलोही नाही, अशा आशयाचे ते बोलले. तळ्यावर जायचे ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. ही सभा समतेचा पाया घालण्यासाठी आहे, असे सांगून त्यांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. खेळ थांबवण्याचा खात्रीचा उपाय एकच असतो : तळमजल्यावरचा विषय उचलून वरच्या मजल्यावर आणून ठेवणे. सर्वजण पाण्याविषयी बोलत होते. त्यांनी सांगून टाकले की विषय पाण्याचा नाहीच. मग त्याच रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानंतर मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर मनाई होती, ग्रंथावर नव्हती. विरोधकांनी ज्या दाराला कुलूप लावले होते, त्याच्या शेजारची भिंतच बाजूला सारली गेली.

तळ्याचे काय? लोकांचा उत्साह मोठा होता. सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदवली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन लोकांना थांबण्याची विनंती केली. दोन दिवस चर्चा चालली. २७ तारखेला बाबासाहेबांनी न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. ही माघार होती का, यावर आजही वाद होतो आणि तो व्हावाही. तरुण कार्यकर्त्यांना ती कडू लागली. मोरे यांचा पुढचा मार्ग कम्युनिस्ट चळवळीकडे गेला हेही विसरता येत नाही. माझा कल असा आहे : कोंडीतली हार तेव्हा होते, जेव्हा खेळ समोरच्याच्या पटावर आणि समोरच्याच्या वेळेत संपतो. तहकुबीने वेळ बदलली. पण हे मी शंभर वर्षांच्या अंतरावरून म्हणतो आहे. पाच मैल चालून आलेल्या आणि पाण्याला हात न लावता परतलेल्या माणसाला हे पटवून देणे मला जमले असते असे मी म्हणणार नाही.

खटल्याची चाल सावकाश होती. तात्पुरती मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली. दावा १९३१ साली फेटाळला गेला, अपील १९३३ साली. वादी उच्च न्यायालयात गेले. ‘हो, पण…’ची सवय असलेल्या पक्षाला न्यायालयात एक अडचण येते. तिथे तळमजल्यावरचे वाक्य शपथेवर, साध्या शब्दांत म्हणावे लागते आणि मग ते सिद्ध करावे लागते. तळे आपल्या मालकीचे आहे, हे वाद्यांना सिद्ध करता आले नाही. अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड आणि वाडिया. पहिल्या ओंजळीला तेव्हा दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.

त्याच्या महिनाभर आधी झालेल्या निवडणुकीत, मार्च १९२७ च्या त्या समारोपात ‘एक काम राहिले आहे’ असे सुचवणारे अनंतराव चित्रे आणि महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, दोघेही आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले होते.